काडतूस

रात्री पावणेदोनला फोन आला
तेव्हा मी भोईवाड्यातल्या खोलीत दूध तापवत होते.
गॅस बंद केला, निघाले.
परळ, चौथा मजला, बेड सात:
मथुरा भांजी, वय अठ्ठावन्न, माहुल.
शिंगाळ्याचा काटा, उजवा अंगठा, सोमवार.
आज गुरुवार.

सोमवारी तिने अंगठ्याला हळद दाबली
आणि उरलेली पाटी विकली.
मंगळवारी थंडी वाजून ताप,
बुधवारी हात कोपरापर्यंत काळानिळा.
आता लघवी बंद,
रक्तदाब औषधाच्या टेकूवर उभा.

करकरे मॅडम तिच्या मुलाला सांगत होत्या:
जंतूंना औषध चालू आहे.
पण आग विझवायला आलेले बंब
थांबायचंच विसरलेत,
पाणी मारताहेत, मारताहेत,
आता भिंती खचायला लागल्यात.
ते पाणी थोडं उपसून बघू.

'बघू' म्हणाल्या. 'वाचवू' नाही.
क्रियापदं नीट ऐकायला मी इथेच शिकले.

मुलगा जयेंद्र. पायात अजून रबरी बूट.
"कार्ट्रिज केवढ्याला?"
"एक लाख दहा. कदाचित दोन लागतील."
"काडतूस?"
"तेच समजा."
"मग एका गोळीत मरायला पाहिजे ना," म्हणाला, हसला,
आणि ते हसू कुठे ठेवावं त्याला कळेना.
बहिणीने पिशवीतून पुतळ्यांची माळ काढली,
परत ठेवली,
परत काढली.

दिसायला काहीच नाही.
तांब्याएवढं नळकांडं, आत साबुदाण्याहून बारीक पांढरे मणी.
कंपनीचा माणूस सांगतो, यांची सगळी छिद्रं उलगडून पसरली
तर अर्धं शिवाजी पार्क झाकेल.
मी कधी पसरून पाहिली नाहीत.
मी सलाईन सोडते, नळकांड्याला टिचक्या मारते,
बुडबुडा अडून बसतो, पुन्हा टिचकी,
एकही आत जाता कामा नये.
मग डायलिसिसचं यंत्र चालू.
मानेतल्या नळीतून ती बाहेर येते,
मणी खालून वर लाल होत जातात,
आणि नळी मुठीत धरली की
कोमट.

दोनदा अलार्म. एकदा नळी दुमडलेली,
एकदा कारण सापडलंच नाही.

पहाटे जयेंद्र दाराशी आला.
"यात नक्की काय अडकतं?"
बरंच काही, मी म्हणाले. नको ते अडकतं.
कधी हवं तेही. अँटिबायोटिकसुद्धा ओढून घेतं,
म्हणून त्याच्या डोसावर लक्ष ठेवावं लागतं.
"म्हंजे डोल," तो म्हणाला.
"खुंटाला बांधायची, पाणी वाहील तसं येईल ते येईल.
हल्ली निम्म्या पिशव्याच येतात."
मग बराच वेळ तो यंत्राकडे
ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसा पाहत राहिला.

टेकूचं औषध बावीसवर होतं.
चारला एकोणीस. पाचला पुन्हा एकवीस.
सातला सोळा.
काडतुसामुळे?
काल बदललेल्या औषधामुळे?
की मुळात ही बाईच भाव पाडून न देणारी?
करकरे मॅडम म्हणाल्या, ठाऊक नाही.
शोधनिबंधांत दोन्ही बाजूंनी लिहिलंय,
आणि दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक आहेत.
चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.
चष्म्याशिवाय त्या फार तरुण दिसतात.

घरी जाताना बाजारात थांबले.
टोपलीत शिंगाळे होते, मिशा अजून ओल्या.
"मासे इकडे आहेत," बाई म्हणाली.
मी तिच्या हातांकडे बघत होते.
अंगठ्याला चिंधी.
"कधी लागलं?"
"रोजचंच आहे. घेणार का, बोल."

तेवढ्यात फोन. बेड सात. दुसरं काडतूस लावायचंय,
पैसे भरायला मुलगा खाली गेलाय.

मी वळले, मग परत आले.
"हळद नको, आजच दवाखान्यात जा," मी म्हणाले,
"आजच."
ती पुढच्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती.